खंडेरावांची मिशी

त्र्याण्णव सालच्या त्या प्रातःकाळी रामकुंडाच्या पायरीवर दर्भ निवडीत बसलेल्या गंगाधरशास्त्र्यांच्या कानांवर शेजारचा वाद पडत होता. सायखेड्याचे खंडेराव वडिलांच्या दहाव्यासाठी मुंडन करवून घेत होते; वस्तरा मात्र मिशीपाशी येऊन अडला होता.

“मिशीला हात लावायचा नाय.”

“खंडू, आबांचा दहावा हाय आज,” थोरली बहीण नवसाबाई कळवळून म्हणाली.

“अक्का, मुक्या शिनेमात सीता व्हायचे आबा. शाळेत पोरं मला नटीचा पोरगा म्हणायची. म्हणून तर राखली ही.”

“आन आबांनी काय सोसलं? बाप जिता असताना मिशी काढली म्हणून आज्यानं घराबाहेर घातलं त्यांना.”

“पुढं खऱ्या बाया आल्या, बोलपट आले, कामच गेलं. तरी मरेस्तोवर सफाचट! सोंगाची खोड, दुसरं काय?”

“सोंग? शिनेमा सुटल्यावर त्यांनी मिशी राखली होती. आज्याच्या दहाव्याला भावांनी घाटावर पाय ठेवू दिला नाय. तवा पलीकडच्या काठाला एकट्यानं बसून काढली. पुन्हा कधी ठेवली नाय.”

“हे मला कुणी सांगितलं नाय.”

“तू कधी इचारलंस?”

“काका, मागं रांग लागली,” न्हावी कुरकुरला.

“घे बाबा. काढ.”

शास्त्र्यांच्या हातातील दर्भ हातातच राहिला. वस्तरा फिरला. नवसाबाईने आरसा पुढे धरला.

“अक्का, कसा दिसतो?”

“पेटीतला आबांचा सीतेचा फोटो आठवतो?”

“आठवतो.”

“तसाच.”

“मग तो काढ पेटीतून. भिंतीवर लावू.”