सासऱ्यांनी धरलेली जागा

हसू नका हं, माझ्या अंगावर आजही काटा येतो. एकाहत्तर साली संगमनेरला आमच्या कुळाचा मेळावा भरला होता. एका कुळातले सगळे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होतच नाही. मी पारनेरहून एस.टी.नं पोचलो, मांडवात शिरलो आणि जागच्या जागी थिजलो. पहिल्या रांगेत माझे सासरे!

"मामा, तुम्ही इथं?"

"या जावईबापू, जागा धरलीया तुमच्यासाठी."

समोर वंशावळीचा भला मोठा कागद टांगला होता. त्यात त्यांचे आणि माझे खापरपणजोबा सख्खे भाऊ! एक जण दुसऱ्या गावी पाटील झाला, म्हणून आडनाव तेवढं बदललेलं.

मी ओरडलोच. "मामा, अहो, घरी तीन पोरं आहेत मला!"

"वरडू नगा. मला लग्नादिवशीच कळलं हुतं. तुमचं देवक बसवलं, तवा बघितलं, आमचंच देवक. म्हंजे कूळबी एकच."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडा. म्हणाले, "पंगत बसली हुती."