ताईचे जंतू

‘टोकन बावीस.’ ‘सही इथे करा.’ बंद पडलेलं घड्याळ. ‘उपाशीपोटीच आलात ना?’ पोटविकारांचा दवाखाना, आणि माझ्या मागच्या बाकावर दोन बहिणी.

‘काय म्हणाले डॉक्टर, ताई?’

‘तेच. त्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी तुझ्या आतड्यातले चांगले जंतूही मेले. दुसऱ्या कुणाच्या शौचातले काढून घातल्याशिवाय खाल्लेलं अंगी लागणार नाही.’

‘मग तुझे घालणार होते ना?’

‘नाही घेत माझे.’

‘का गं?’

‘माझं वजन जास्त आहे. म्हणे, जंतूंबरोबर जाडीही तुझ्यात येऊ शकते.’

‘येऊ दे की! मला आणखी काय हवंय?’

‘मीही तेच म्हटलं. नियमात बसत नाही म्हणाले.’

‘बरंच झालं. तुझी घाण पोटात घेऊन तुझ्यासारखी घोरायला लागले असते.’

‘हसू नकोस. दम लागतो तुला.’

‘दादाला विचार ना.’

‘विचारलं.’

‘मग?’

‘“शी!” म्हणाला आणि फोन ठेवला.’

‘समजावून सांगायचंस. ते साफ करून, नळीतून...’

‘सगळं सांगितलं. आता उचलतच नाही.’

‘आणखी कुणी?’

‘आणखी कोण आहे आपल्याला?’

‘ताई, लोक बघताहेत. रडू नकोस.’

‘लहानपणापासून जो तो मला म्हणायचा, तुझ्या अंगावरचं थोडं हिला दे. आज द्यायला आले, तर नको म्हणतात.’

‘ताई, मला भूक लागलीय.’

‘आत्ताच तर जेवलीस, राणी.’

थोरली डॉक्टरांकडे आत जाण्याआधी धाकटीला काट्यावर उभं केलं होतं. ती एकतीस किलो भरली.