महादू तरे यांची शंभर मरणं आणि एक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या टेमघरच्या नाट्य मंडळाचा भार इतकी वर्षं खांद्यावर वाहणारे माननीय भाऊ भोईर, प्रमुख पाहुण्या आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका विनिता मॅडम, मानकोलीच्या स्टुडिओतून खास आलेले कुणालसाहेब आणि त्यांची तरुण मंडळी, ज्यांच्यासाठी हा घाट घातला ते सत्कारमूर्ती श्रीयुत महादू तरे, व्यासपीठावर बसायला साफ नकार देऊन तुमच्यात बसलेल्या जानकीवहिनी, आणि माझ्या बंधुभगिनींनो,

माईक जरा खाली घ्या रे. हां, आता ठीक आहे.

मी नामा. पत्रिकेत माझं पूर्ण नाव छापलंय, पण त्या नावानं मला रेशनवालासुद्धा ओळखत नाही. पडघ्याच्या पलीकडच्या खेड्यातून भिवंडीत आलो, चौतीस वर्षं लूमच्या कारखान्यात मुकादमी केली, आणि जवळजवळ तितकीच वर्षं आपल्या मंडळाच्या नाटकांना प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभा राहिलो. शिक्षण सातवी. त्यामुळे माझ्या बोलण्यात मध्येच एखादं भारदस्त वाक्य आलं, तर ते माझं नाही, कुठल्यातरी नाटकातलं आहे असं समजून सोडून द्या.

आता मला सांगा, निरोप कुणाला देतात? नोकरीतून निवृत्त होणाऱ्याला, बदली झालेल्याला, परदेशी निघालेल्याला. आज आपण ज्या माणसाला निरोप देतोय, तो मरण्याच्या कामातून निवृत्त होतोय. हसू नका, अध्यक्षसाहेब! तुम्हीच पत्रिकेवर ‘व्हिडिओ गेम क्षेत्रातील भरीव कामगिरी’ असं छापलंत. ती भरीव कामगिरी म्हणजे मरणं. दोन वर्षांत महादू शंभराच्या वर वेळा मेला आणि रोज संध्याकाळी पाचला डबा घेऊन घरी आला.

महादूला मरता येतं, हे टेमघरला आधीपासून ठाऊक होतं. दरोडेखोर, सावकाराचा गुंड, दारुडा सासरा, काहीही द्या, तो मरायचा झकास. एका वर्षी तर गोळी लागून पडल्यावर पब्लिकनं शिट्ट्या मारून ‘वन्स मोअर’ दिला. मी विंगेतून जीव तोडून सांगतोय, ‘पडून राहा, पडून राहा!’ हा उठला, हात जोडले, आणि पुन्हा मेला. खरं सांगतो, दुसऱ्यांदा जास्त चांगला मेला.

तर असा हा कलावंत स्टुडिओत पोहोचला कसा? गळक्या पत्र्यामुळे. मानकोलीचा तो गाळा महादूच्या जमिनीवर उभा आहे. छप्पर उंच, मध्ये एकही खांब नाही, म्हणून कुणालसाहेबांच्या कंपनीनं तो गेम बनवण्यासाठी भाड्यानं घेतला. पत्रा गळतो अशी तक्रार आली, म्हणून महादू बघायला गेला. आत काय, एक जिममधला तरुण काळ्या घट्ट पोशाखात, अंगभर पांढऱ्या गोट्या चिकटवलेल्या, आणि चोहोबाजूंनी कॅमेरे. त्या गोट्या कशा हलतात ते कॅमेरे टिपतात, आणि गेममधला माणूस तसाच्या तसा हलतो. तो तरुण गोळी लागल्याचं दाखवत गादीवर पडत होता. महादूनं थोडा वेळ बघितलं आणि त्याला राहवलं नाही.

‘अरं, असा कोन पडतो का? गोळी लागली का पलंगावर झोपायला चाललास?’

कुणालसाहेब म्हणाले, ‘काका, मग तुम्ही दाखवा ना.’

महादूनं चप्पल काढली, लेंगा वर खोचला आणि पडला. कुणालसाहेबांच्या हातातला चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवसापासून हा बासष्ट वर्षांचा माणूस त्या काळ्या पोशाखात! जानकीवहिनींनी पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा म्हणाल्या, ‘अगो बाय, वाळत घातलेला बोंबील!’

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण आज मी उभा राहिलो तो पुढचं सांगायला. महादू स्वतः सांगणार नाही, आणि मी सांगायला त्याची परवानगी घेतली आहे.

गेम होता लढाईचा. अगदी खऱ्यासारखा दिसणारा, घामाचा थेंबसुद्धा दिसेल असा. काही महिन्यांनी कुणालसाहेब म्हणायला लागले, ‘काका, एक नंबर आहे, पण हे नाटकातलं आहे. मला खरं पाहिजे.’ महादूनं सतरा प्रकार करून दाखवले. साहेबांचं एकच, खरं पाहिजे. एका दुपारी महादू वैतागून पडला, आणि पडल्यावर त्याचा उजवा हात आपोआप बाजूची जमीन चाचपायला लागला. हळूहळू, बोटांनी, काहीतरी शोधल्यासारखा. मग थांबला. साहेब ओरडले, ‘हेच! हेच पाहिजे होतं!’ महादू उठला, पोशाख उतरवला, आणि त्या दिवशी डबा न उघडता घरी गेला.

आठ महिन्यांनी गेम थोडाफार खेळण्याजोगा झाला. साहेब मोठ्या कौतुकानं तो घेऊन महादूच्या घरी आले. आम्ही सगळे टीव्हीसमोर. खेळायला बसली महादूची नात ऋतिका, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एकोणीस वर्षांची. तिनं धडाधड गोळ्या झाडल्या, आणि जो पडेल तो महादू! चेहरा वेगळा, पडणं महादूचं. मी ओरडतोय, ‘अरे, हा आपला दरोडेखोर! हा दारुडा सासरा!’ जानकीवहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. ‘अगो पोरी, आज्यावरच गोळ्या झाडतेस?’ हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

मग एक शिपाई पडला आणि त्याचा हात जमीन चाचपायला लागला. ऋतिका क्षणभर थांबली. मग दुसरा पडला, त्याचाही हात तसाच. तिसरा, चौथा, पाचवा. पाच माणसं एका रांगेत पडून जमीन चाचपतायत. ऋतिकाला हसू आलं. ‘आबा, हे सगळे काय शोधतायत?’

जानकीवहिनींनी ट्रे खाली ठेवला. एवढंच म्हणाल्या, ‘विठूभावजी.’

महादू उठून ओट्यावर जाऊन बसला. मी मागोमाग गेलो. इतक्या वर्षांची मैत्री, पण तोवर फक्त वहिनींना ठाऊक असलेली ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. विठू हा महादूचा थोरला भाऊ. गवतानं भरलेल्या गाडीवरून पडला, महादूच्या डोळ्यांदेखत. महादू तेव्हा सतरा वर्षांचा. भावाचं डोकं मांडीवर घेऊन तो रस्त्यात बसला होता. विठूची नवी चप्पल पडताना कुठेतरी उडाली होती, आणि तो हातानं ती शोधत होता. ‘माजी चप्पल कुठं हाय रं,’ म्हणाला. मग हात थांबला.

महादू मला म्हणाला, ‘नामा, येवढी नाटकं केली, ता मरन कदी कोनाला दाखवला न्हाय. आनि या मशीनला दिऊन बसलो.’

मला फक्त पुढचं वाक्य सांगायची सवय. त्या वेळी सांगायला वाक्यच नव्हतं.

चार दिवसांनी महादू म्हणाला, ‘मानकोलीला चल. मला बोलाया जमनार न्हाय.’ ऋतिकाही बरोबर आली, कुणी बोलावलं नसताना. मी तयारी करून गेलो होतो. म्हटलं, ‘साहेब, तो हात काढून टाका. एवढं खरं दाखवायची गरज काय? पोरं खेळणार, हसणार. माणसाच्या मरणाचा असा तमाशा करायचा?’

कुणालसाहेब, तुम्ही त्या दिवशी जे उत्तर दिलंत, ते मी प्रामाणिकपणे या सभेला सांगतो. तुम्ही म्हणालात, ‘नामाकाका, आम्ही हा गेम खूप जणांना खेळायला देऊन बघितला. नाटकातलं मरण आलं की कुणी थांबत नाही, पुढची गोळी झाडतात. हा हात दिसला की बहुतेक जण पहिल्यांदा थांबतात. एका पोरानं तर रिमोट खाली ठेवला. आता मला सांगा, वाईट काय? मरण सोपं दाखवणं, की अवघड दाखवणं?’

विनिता मॅडम, तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, मला माहीत आहे. तुम्ही पालकसभेत सांगितलंत की असले गेम शाळेतल्या मुलांच्या हातात पडताच कामा नयेत. मला ते पटतं. गेमच्या वेष्टनावरसुद्धा अठरा वर्षं लिहिलंय, आणि वेष्टन किती जण वाचतात ते तुम्हाआम्हाला माहीत आहे. पण साहेबांचं म्हणणंही मला खोडता येईना. आम्ही इतकी वर्षं मरणावर शिट्ट्याच घेतल्या होत्या ना? कुणी रडला होता का?

अशी आमची गाडी अडली होती तेव्हा ऋतिका बोलली. खाली मान घालून म्हणाली, ‘मी हसले ना, ते पाच जणांनी तेच केलं म्हणून हसले. पहिला पडला तेव्हा नव्हते हसले. पहिल्याला मला कसंतरीच झालं होतं.’

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आणि तोवर एक शब्दही न बोललेला महादू म्हणाला,

‘मंग एकदाच ठेवा. मानूस काय पाच वेळा मरतो?’

एका कोपऱ्यात बसलेला कंप्युटरवाला घाबरून म्हणाला, ‘काका, जमणार नाही. खेळणारा हरला की गेम परत पहिल्यापासून सुरू होतो. मेलेले सगळे परत उभे राहतात. तोही राहणार.’

‘त्याला नको उभा करू.’

‘पण काका, त्याच्या जागी काय दाखवू?’

‘काय नको दाखवू. जागा मोकळी ठेव.’

बंधुभगिनींनो, हे बोलायला सोपं आहे. कुणालसाहेबांनी यासाठी त्यांच्या वरच्या साहेबांशी महिनाभर भांडण केलं. वरचे म्हणायचे, एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी एवढं काम वाढवायचं? कुणालसाहेबांनी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, त्यांच्याबरोबरच्या दिपाली ताईंनी मघाशी चहाच्या वेळी माझ्या कानात सांगितलं, आणि प्रॉम्प्टरच्या कानात पडलेलं तिथेच कसं राहणार?

शेवटी झालं. आता त्या गेममध्ये बंदराच्या धक्क्यावर एक माणूस उभा असतो. जमीन चाचपणारा तो हात आता फक्त त्याचा. तो पडला, तर एकदाच पडतो. खेळणाऱ्यानं कितीही वेळा गेम पुन्हा सुरू केला तरी तो परत येत नाही. साहेबांनी विचारलं होतं, ‘काका, त्याला विठू नाव देऊ का?’ महादू म्हणाला, ‘नाव नको.’

गेम बाजारात आला. कुणी शाबासकी दिली, कुणी शिव्या. एका वडिलांचं पत्र आलं, की माझ्या मुलीनं ते बघून दोन दिवस नीट जेवण केलं नाही, असं का दाखवता? ते पत्र महादूनं घडी घालून जवळ ठेवलंय. आणि एका खेळणाऱ्याची तक्रार आली, की तुमच्या गेममध्ये बिघाड आहे, धक्क्यावरचा माणूस परत येत नाही, दुरुस्त करून पाठवा. तर कंपनीकडून उत्तर गेलं, बिघाड नाही, तो माणूस येणार नाही. आठवड्यानं त्याचंच दुसरं पत्र. त्यात फक्त एक ओळ: ‘आधी सांगितलं असतं तर मी गोळी झाडली नसती.’

हे वाचून दाखवल्यावर महादूनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, ‘बरा पोरगा हाय.’

त्यानंतर पुढच्या गेमसाठी साहेबांनी पुन्हा विचारलं. महादू म्हणाला, ‘गुडघं बोलतात आता. आनि माझ्याकडची मरनं संपली.’ म्हणून हा आजचा निरोप.

पण मंडळी, हा गडी घरी बसणारा नव्हे. यंदाच्या नाटकात भाऊंनी त्याला नवऱ्या मुलीच्या आजोबांचं काम दिलंय. लग्न लागतं, पडदा पडतो, आणि आजोबा तोवर चक्क जिवंत! तालमीत पंचाईत अशी, की महादूला तिसऱ्या अंकाची सवयच नाही. आजवर तो कधी तिथपर्यंत पोहोचलाच नव्हता. दुसरा अंक संपला की हा सवयीनं तोंड धुवायला निघतो, आणि मी मागून हाका मारतो. आणि जानकीवहिनी? त्यांनी इतक्या वर्षांत एकही नाटक पुरतं बघितलेलं नाही. नवरा पडला की त्या उठायच्या, पदर सारखा करायच्या आणि घरी जायच्या. परवा त्या स्वतःहून मला म्हणाल्या, ‘नामाभावजी, या टायमाला मी शेवटपर्यंत बसनार हाय.’

अध्यक्षांनी हातातल्या घड्याळाकडे तिसऱ्यांदा बघितलं, तेव्हा मी आवरतो. भाऊंचे आभार, सभागृह दिल्याबद्दल आणि मला बोलू दिल्याबद्दल. विनिता मॅडमचे, त्यांना न पटणारं बोलणंही शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल. कुणालसाहेबांचे आणि त्यांच्या मंडळींचे, एक जागा मोकळी ठेवल्याबद्दल. ऋतिका, तुझे पण गं. महादू, तुझे आभार मानले तर तू शिवी देशील, म्हणून मानत नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागेल असा शब्द गेला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. आणि महादूच्या घरात साठवलेलं दुःख सभेपुढे उघडं केलं, त्यात काही कमीजास्त झालं असेल, तर जानकीवहिनी, तेवढी माफी मी तुमच्याकडे वेगळी मागतो.

नमस्कार.