एक वर्षाचा व्हिसा, तीस दिवसांचा मुक्काम

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे ते आधी लिहून घ्या, मग बाकीचं सांगतो. विशे बाई. मुरबाडच्या. आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी खर्डीच्या पलीकडल्या पाड्यावरचा, आईबाप दोघं वीटभट्टीवर, दहावीला गणितात गेलो तेव्हा मीपण भट्टीवर गेलो, त्यात काय नवल नव्हतं, आमच्याकडे सगळे तेच करायचे. बाई चालत भट्टीवर आल्या, विटांच्या थप्पीवर बसल्या, पिशवीतून फेरपरीक्षेचा फॉर्म काढला आणि बापाला म्हणाल्या, मामा, पोराला सही करू द्या, तुमी मधे पडू नका. बाप कधी कोणाचं ऐकायचा नाय, त्या दिवशी ऐकला. तिथून मी बीकॉमपर्यंत गेलो. आमच्या पाड्यावरचा पहिला पदवीधर मी, आणि तो बाईंनी केलेला.

मग कल्याणला एका गोदामात स्टोअरकीपर लागलो. खर्डी ते कल्याण महिन्याचा पास. तीन वर्षं तो पास खिशात होता, हे लक्षात ठेवा, कारण माझी माती त्या पासानंच केली.

शहापूरच्या बाजारात माडीवर रमाकांतदादाचं ऑफिस आहे. तिकिटं, पासपोर्ट, व्हिसा. माणूस गोड, भावा भावा करणारा. तो म्हणाला, भावा, आखातात दुकानाच्या गोदामात जागा आहे, तू तर शिकलेला, चल. देशाचं नाव मी घेत नाय. व्हिसा आला. त्याच्यावर दोन ओळी होत्या. एका ओळीत, हा व्हिसा एक वर्ष चालेल. खालच्या ओळीत, मुक्काम तीस दिवस. मी अडाणी नव्हतो, मी दोन्ही वाचल्या. विचारलं, दादा, हे तीस दिवस काय? तो हसला. अरे, तू पासवाला माणूस आणि मला विचारतोस? एक वर्ष म्हणजे तुझं ओळखपत्र, तीस दिवस म्हणजे पास. दर महिन्याला कंपनी काढून देते. मला पटलं. काय सांगू तुम्हाला, इतकं पटलं की मीच गाडीत बाजूच्या दोघांना समजावून सांगितलं.

आता मला कळतं ते असं. व्हिसा म्हणजे लग्नाची पत्रिका. पत्रिका दाखवून तुमी मांडवाच्या दारापर्यंत जाल. पण घरात किती दिवस राहायचं ते पत्रिका नाय ठरवत, ते घरमालक ठरवतो. विमानतळावर काचेमागे जो साहेब बसतो तो घरमालकाचा माणूस. त्यानं शिक्का मारून तीस दिवस दिले की तीसच. वर्षभरात तुमी पुन्हापुन्हा जाऊ शकाल, पण एका वेळेला तीस. आणि काम करायची परवानगी तर तिसरीच गोष्ट, ती माझ्याकडे नव्हतीच.

तिकडे गोदामात कामाला लागलो, तीस दिवसांचा पास कंपनी काढतेय असं धरून चाललो, आणि पाचव्या महिन्यात तपासणी आली. मी ऐटीत कागद पुढं केला, बघा, अजून सात महिने आहेत. साहेबानं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. कंपनीचा माणूस म्हणाला, ह्याला मी ओळखत नाय. अठरा दिवस कोंडून ठेवलं, बोटांचे ठसे घेतले, परत पाठवलं, आणि त्या देशाचं दार मला बंद झालं. अठरा दिवस मी एकच चेहरा डोळ्यांसमोर ठेवला. देवाचा नाय, रमाकांतचा.

परत आलो तर खर्डीच्या नाक्यावर माझ्या शुभेच्छांचा बॅनर अजून लटकत होता. पोरं विचारायची, काय साहेब, चालत आलात काय? ते सोसलं असतं. पण मी रमाकांतच्या ऑफिसात जाब विचारायला गेलो तेव्हा दहा माणसांत तो बोलला, भावा, चोरासारखा लपून राहिलास आणि माझं नाव घेतोस? पदवीधर ना तू, वाचता येत नाय? पुढे बाजारभर तेच सांगत फिरला. बहिणीला बघायला येणार होते, ते आलेच नाय. घरात चोर आहे म्हणाले.

पोलिसांत अर्ज दिला, त्यांनी ठेवून घेतला. मग मी काय केलं, त्याच्या ऑफिसच्या बरोबर समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागलो. मुद्दाम. मालकाला विचारून बाहेर पाटी लावली, व्हिसा फुकट वाचून मिळेल. त्याच्याकडनं कागद घेऊन माणूस उतरला की मी हाक मारायचो, दादा, या, दोन मिनिटं. लाल पेनानं खालच्या ओळीखाली रेघ ओढायचो. माणूस तसाच रस्ता ओलांडून परत वर जायचा. वरनं आरडाओरडा ऐकू यायचा, त्या चोराचं काय ऐकता, सुडानं खोटं वाचतो तो, असं रमाकांत म्हणायचा, आणि मला जेवण गोड लागायचं. खोटं कशाला बोलू. बाईंनी फोन केला, सोड रे आता, दुसरी परीक्षा दे काहीतरी. मी हो म्हणालो आणि सोडलं नाय.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली, पोटुशी. दादा, वाचून देता? नवरा तिकडे कामाला आहे, मी बाळंतपणाला जाते, सहा महिने राहीन. वर्षाचा व्हिसा. खाली मुक्काम तीस दिवस. नाव वाचलं, सोबतच्या पासपोर्टावर बापाचं नाव वाचलं. मान वर केली तर तोंडावळा रमाकांतचाच. मी विचारलं, ताई, हे तीस दिवस कसले म्हणून सांगितलं घरी? ती म्हणाली, बाबा म्हणाले ते पासासारखं असतं, दर महिन्याला काढून घ्यायचं.

माझ्या हातातला लाल पेन तसाच राहिला. एवढी वर्षं मी धरून चाललो होतो की तो लबाड आहे. मला तो लबाडच हवा होता. आणि त्यानं पोटच्या मुलीलासुद्धा तेच सांगितलं होतं. मी नुसतं ठीक आहे म्हटलं असतं तर पुरं होतं. कोणाला कळलं नसतं. मी लाल पेनाला टोपण लावलं, आणि मग परत काढलं.

त्या दिवशी जे झालं ते मी बाईंना पत्रानं कळवलं. फोनवर बोलायची हिंमत नव्हती. नक्कल आहे माझ्याकडे, तशीच लिहून घ्या.

ती. विशे बाईंना सा. न.

बाई, तुम्ही सोडून दे म्हणाला होतात. मी सोडले नाही. आज रमाकांतची मुलगी माझ्याकडे व्हिसा घेऊन आली. मी तिला म्हटले, बाबांना खाली पाठव, त्याशिवाय सांगणार नाही. तो आला. पुढे चार माणसे होती, मी त्याला रांगेत उभे केले. नंबर आल्यावर स्टुलावर बसवले आणि दोन्ही ओळी मोठ्याने वाचायला लावल्या. मग अर्थ सांगितला. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, भावा, मला वाटायचं तू सुडानं तसं वाचतोस, मला खरंच ठाऊक नव्हतं. मी म्हटले, मलाही नव्हते, तरी तू मला चोर म्हणालास, आता ह्याच माणसांसमोर बोल की तो चोर नव्हता. तो हळू बोलला. मी म्हटले, ऐकू आले नाही. तीनदा बोलायला लावले, बाई. तिसऱ्या वेळी त्याची मुलगी रडत होती, तरी मी थांबलो नाही.

नंतर तिला सगळे समजावले. एवढे दिवस राहायचे तर नवऱ्याने तिकडे रीतसर राहण्याची परवानगी काढली पाहिजे. त्या परवानगीला तिकडे ठरावीक पगार लागतो, तेवढा त्याला नाही म्हणाली. मग ती नुसती भेटून येईल, बाळंतपण शहापूरलाच होईल. परतीचे तिकीट एकोणतिसाव्या दिवसाचे आहे, ते मी स्वतः तपासले.

तुम्हाला आवडणार नाही, पण खरे लिहितो. मुलीचे भले केले याचे समाधान झाले. पण बाप तीनदा बोलला याचे जास्त झाले. याबद्दल तुम्ही मला रागवा, मी ऐकून घेईन. माफी तेवढी मागायला सांगू नका.

आपला विद्यार्थी,
सुदाम