आठ दिवसांचं आप्पेपात्र

आमच्या ह्यांचं खूळ सांगते, ऐका. उद्यमबागेतल्या बीड ओतायच्या कारखान्यात, फाउंड्रीत होते, आता रिटायर झालेत. पण युनियनच्या वर्गात शिकलेलं एक वाक्य काही सोडत नाहीत: "वस्तूची किंमत म्हणजे तिच्यात घातलेले कष्ट."

मी चौथी शिकलेली, पण बिडाची भांडी बाजारात मीच विकते. म्हटलं, "किंमत घेणारा ठरवतो. त्याला नको असंल तर तुमचे कष्ट गेले वाया."

हे पेटलेच. जुन्या दोस्ताच्या भट्टीवर आठ दिवस खपून स्वतः एक आप्पेपात्र ओतून आणलं. मशीनचा पार्ट असावा तसं जाड! बाजारात माझ्या शेजारीच घेऊन बसले.

पहिल्याच बाईनं उचलून बघितलं. "आक्का, लई जड हाय गं."

हे म्हणाले, "आठ दिवस लागलेत करायला!"

"व्हय? तापायलाबी आठ दिवस लागतील की!" म्हणाली आणि गेली.

दुपार टळली तरी कुणी हात लावला नाही. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. जिंकले होते मी, पण बघवेना.

तेवढ्यात एक हॉटेलवाला आला. "हाटेलाला असलंच पायजे. केवढ्याला?"

मी म्हटलं, "इकायचं न्हाय."

तो गेल्यावर हे उसळले, "अगं, कष्टाची किंमत मिळत हुती की!"

"कष्टाची न्हाय, त्याच्या गरजेची. आणि त्याच्यापेक्षा ते मला जास्त पायजे, म्हणून माझं. बाजार असाच चालतो. आता उचला, घरापतोर तुम्हीच न्या."