टिळ्याच्या आधी नेट हवं

—नाही नाही, तिथं नको, भाई. त्या खांबावर डबा लावलास तर सगळं नेट समोरच्या पारावर जाईल, आणि आत जेवणारं गिऱ्हाईक बसेल बोंबलत. इकडं लाव, जेवणाच्या खोलीकडं तोंड करून. तू खाली बुटवल शहरातून आलास, तुला इथल्या लोकांचं काय माहीत? फुकट म्हटलं की डोंगर उतरून येतात. म्हणून तर मघापासून सांगतेय, नंबर टाकल्याशिवाय उघडता कामा नये. डाळभात खाल्ला त्याला अर्धा तास. नुसता चहा पिणाऱ्याला काही नाही — बस म्हणावं गाडी सुटेपर्यंत डोंगर बघत! आणि उघडलं की पहिलं काय दिसलं पाहिजे? नाव. ‘उकेश भोजनालय.’ चांगलं मोठ्या अक्षरात. उकेश माझा मुलगा, कतारला असतो, एकुलता एक. नावाखाली थाळीचा फोटो टाक — हा नको, ह्यात गुंद्रुकची भाजी कशी मेल्यासारखी दिसतेय. दुसरा बघ.

आज होईल ना पण? आजच झालं पाहिजे. परवा दसऱ्याचा टिळा. रेडिओवर मुहूर्त सांगितलाय, अकरा वाजून एक्कावन्न. दही-तांदूळ-अबीर कालवून ठेवायचं, देवापाशी जवाचे कोंब छान पिवळे वाढलेत — घटस्थापनेपासून अंधारात ठेवलेत, कुणाची सावली पडू दिली नाही — आणि मुहूर्ताला फोन लावायचा. तो तिकडं टोपी घालून बसतो, मी इकडं फोनच्या काचेवर, त्याच्या कपाळावरच की, टिळा दाबते. सगळ्याच आया असं करतात, तुझी नाही करत? तू घरीच असतोस. नशीबवान आहे बाई.

आता एक सांग, तू शिकलेला आहेस. माझा निरोप जातो, पण शेजारी एकच खूण येते. दुसरी येतच नाही. आणि फोन लावला तर नुसतं गोल गोल फिरतं. नेट कमी पडतं म्हणूनच ना? जुना डबा दहा वर्षांचा, पावसात भिजलेला, त्याच्यात काय दम असणार? म्हणून तर एवढा मोठा बसवतेय. काय? कधीपासून? झाले की दोन वर्षं. दोन नाही, थोडी कमी. बाकीच्यांचे निरोप जातात, हो. माझ्या बहिणीला जातात, काठमांडूच्या भाचीला जातात, कतार लांब आहे ना पण! — का रे थांबलास? वायर धर नीट, लोंबतेय.

बरं, ह्याच्यात कोण कोण जोडलंय त्याची यादी मला दिसेल म्हणालास ना? त्यातला एखादा नंबर कायमचा काढून टाकता येतो? नाही, असंच विचारते. धंद्याच्या दृष्टीनं. ती बघ पारावर, टोपली घेऊन बसलीय, खालच्या बाजारातून आलीय — ती लालसरा. मगर जमातीची. वर शेवटचं घर तिचं. गुडघे गेलेत, तरी नेटसाठी ह्या वयात त्या कड्यापर्यंत चढून जाते, तिथं मोबाइलची एक दांडी येते म्हणे. तीच नाही, गावातल्या सगळ्या बायका जातात. दोन वर्षांत एकीनं माझ्याकडं पासवर्ड मागितला नाही. एकीनं! आधी इथंच असायच्या, माझ्याच पारावर, नवऱ्यांशी, पोरांशी बोलत. तिघींत एक चहा. मी कधी हाकललं का? माझ्या पोटात काही नव्हतं. आता मी दिसले की डोईवरचा भारा नीट करतात आणि दुसरीकडं बघतात. आणि दोष कुणाला, तर मला. चोराच्या उलट्या बोंबा!

काय झालं होतं, सांगते ना. लपवण्यासारखं काय आहे? तिचा दलबीर आणि माझा उकेश, दोघांनी मीत लावलेलं, सख्ख्या भावासारखी जन्माची मैत्री, विधी करून, ब्राह्मण बसवून. एकदा मीत लावलं म्हणजे त्याची आई ती आपली आई. मीतआमा म्हणायचं. म्हणायचं म्हणजे म्हणायचं रे, तेवढ्यापुरतं! तर हा कतारहून फोन करायचा आणि दोन वाक्यं माझ्याशी बोलून लगेच — आमा, मीतआमाचे गुडघे कसे आहेत? मीतआमाला जरा फोन दे. मीतआमाला गुंद्रुक पाठव. आणि मग सुट्टीवर आलेल्या कुणाबरोबर दोन फोन पाठवले. एक मला, एक तिला. सारखेच! रंगसुद्धा सारखा. मी त्याला नऊ महिने पोटात वाहिला, त्याचा बाप गेल्यावर ह्याच चुलीच्या धुरात वाढवला, आणि तिनं काय केलं? तिनं नुसतं अंगणात बसवून मका भाजून दिला असेल. नाकापेक्षा मोती जड झाला, दुसरं काय!

त्या वर्षी टिळ्याच्या दिवशी ती सकाळपासूनच पारावर. लाल साडी, ताटात टिळा, फोन पदरानं पुसतेय. दोन्ही पोरं तिकडं एकाच खोलीत, शेजारी शेजारी बसलेली. मी काय केलं, काही नाही. पासवर्ड बदलला. माझंच नेट, माझाच पासवर्ड. ती आली दारात — मालकीणबाई, चालत नाहीये, जरा बघता का? मी म्हटलं, लाइन गेलीय, सगळ्यांचीच गेलीय, मी काय करू? आणि आत जाऊन उकेशला टिळा लावला. छान लागला. मागं दलबीर दिसत होता, टोपी घालून, हात जोडून आपला फोन समोर ठेवून बसलेला. हसत होता रे. उकेश म्हणाला, आमा, तुझा फोन मीतआमाला दे ना, दलबीरचा मुहूर्त टळतोय. मी म्हटलं, कसा देऊ, गावातलं नेट गेलंय.

हसू नकोस. हसत नाहीस? मग असं काय बघतोस? मला कळलं होतं लगेच, तोंडातून सुटलं तेव्हाच कळलं. उकेशनं फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाला, आमा, मग तू मला कशी दिसतेयस? गावात नेट एकच आहे. बस, एवढंच म्हणाला.

बाहेर म्हातारी काळ्या काचेवर टिळा दाबून बसली होती. तांदूळ वाळून गळेपर्यंत.

नऊ दिवसांनी दलबीर झोपेतच गेला. बत्तीस वर्षांचा. तिकडं ऊन असतं, दिवसभर राबतात, असे बरेच जातात — मी मारलं का त्याला? बिनटिळ्याचा राहिला म्हणून गेला, असं गावात बोलतात. टिळ्यानं कुणी वाचत असतं तर ह्या डोंगरात कुणी मेलंच नसतं. त्याची पेटी घेऊन गाडी इथंच थांबली, सगळ्या गाड्या इथंच थांबतात. बरोबर उकेश होता. मी त्याच्या आवडीचा भात लावून ठेवलेला. तो उतरला, बाहेरच्या नळावर तोंड धुतलं, आणि पेटीला खांदा देऊन वर गेला. तेरा दिवस तिच्याकडं राहिला. डोकं त्यानंच भादरलं, पिंड त्यानंच दिले. परत जाताना बसच्या पलीकडच्या बाजूनं चढला, म्हणजे मी दिसायला नको. म्हटलं, जाऊ दे. दुःखात आहे. गेल्या वर्षी त्यानं वर्षभराचं सुतक पाळलं, टिळा नव्हताच. यंदा फिटलंय सगळं. यंदा तो कुणाकडून टिळा घेणार? आई मी एकच आहे ना त्याला?

झालं? उघडं ठेवलंस? का? तपासायला? किती वेळ? दहा मिनिटं बिनपासवर्डचं — बरं बरं, ठेव, बसवाले लागलेत बघ तुटून पडायला. फुकट ते पौष्टिक! — अरे, ती बसमधली निळ्या कुर्त्यातली पोरगी कुठं निघाली? पाराकडं. लालसराचा फोन घेतला तिनं. नेट लावून देतेय. ‘उकेश’ निवडतेय बघ, माझ्याच पोराच्या नावावर बोट ठेवून! बंद कर, भाई. ती नको, तिला नको, तेवढा एक नंबर —

थांब.

थांब, बंद करू नको. तिचा फोन वाजला, स्पीकरवर घेतलंय तिनं, कमी ऐकू येतं तिला. — आवाज ओळखलास, माझ्या उकेशचा? तू कसा ओळखशील. असा बसका नव्हता त्याचा, सर्दी झालीय का त्याला? काय म्हणतोय? ट्रकवाल्याला सांग रे हॉर्न नको म्हणून! — मीतआमा, कड्यावर चढू नकोस… मी काठमांडूत उतरलोय… उद्याच्या गाडीनं…

येतोय.

टिळ्याला येतोय. कोंब कुणी लावलेत म्हणून विचारतोय तिला. ती म्हणते, मीच लावलेत, तुझ्यासाठी. ऐकलंस ना तू पण? मला चुकून ऐकू आलं नाही ना? माझं काही विचारलं का त्यानं? मध्ये हॉर्न वाजला तेव्हा विचारलं असेल. तुझे कान तरणे आहेत, तू सांग, विचारलं ना? — काही नाही? आमा म्हणून एक शब्द नाही?

उद्याची गाडी इथंच थांबेल की. जेवायला अर्धा तास. माझ्याच दारात उतरणार तो, आणि नळावर तोंड धुणार.

काय? कसला पासवर्ड? मला काय विचारतोस, तुला हवा तो टाक. नाहीतर टाकूच नकोस. तुझं झालं ना काम? तुझा भात झाकून ठेवलाय, तो खा आणि जा. शिडी राहू दे तिथंच. जा म्हटलं ना.