फटीतला कापूस

नाही हो साहेब, करते की सही — होडी माझ्या नावावर आहे, मुलाच्या नाही, पण मघापासून विचारतेय, ट्रक कधी येतोय? एकदा ती तुमच्या संग्रहालयात छताखाली उभी राहिली की मी सुटले. जुनी मासेमारी पुढच्या पिढीला दिसली पाहिजे म्हणता ना — दाखवा की, भोवती दोरी बांधून लांबून दाखवा. तुम्ही धंदा जपा, मला माझा मुलगा जपू द्या.

हसा, हसा — आहेच मी भित्री. याच होडीतून माझे यजमान गेले आणि होडी एकटीच परत आली, जाळं तसंच, जेवणाचा डबासुद्धा न उघडलेला. तेव्हापासून वारा सुटला की मी दारात येऊन समुद्राकडे बघत बसते. आणि पोरगा? चांगली नोकरी सोडून वर्षभर तीच होडी घासत बसलाय — म्हणे, बाबांचा धंदा बंद पडू देणार नाही. किती सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही त्याला कसं पटवलंत देव जाणे.

आता तो इथे नाही म्हणून सांगते, त्याच्या कानावर घालू नका — तुम्ही यायच्या आधीच मी एक काम करून ठेवलं होतं. फळ्यांच्या फटीत कापूस ठासून वर डांबर भरतात ना, पाणी शिरू नये म्हणून — तर तळाच्या फळीचा कापूस मी उपसून काढला, चांगला हातभर, आणि वरून नुसतं डांबर फासलं. वाटलं, धक्क्यापाशीच पाणी भरेल, चारचौघांत फजिती होईल, सोडेल नाद. आता काय, कोरड्यातच राहणार ती, मग कशाला सांगा —

असं काय बघताय? ट्रक गल्लीत वळत नाही? मग न्यायची कशी? — समुद्रातून? शेवटची फेरी म्हणून तुम्हीच त्याला ती घेऊन यायला सांगितलंत? — तरीच सकाळी बाबांची टोपी शोधत होता. मला वाटलं, तुम्हाला द्यायला.

फोन लावा. लावा हो, मला आकडे दिसत नाहीयेत. — वाजतोय ना? धक्क्यावरच्या गोंगाटात ऐकू येत नसेल. धक्क्यावरच असेल तो. डांबर धरतं हो, आधी धरतं, उथळात धरतं, बाहेर लाट लागली की मग — उचलला? — नाही? —

राहू दे ती सही. उठा तुम्ही, धक्क्यावर चला. आधी उठा.